विश्लेषण : डेंग्यूत ताप उतरल्यावर धोका का वाढतो? रक्तवाहिन्यांची ‘गळती’ ओळखणाऱ्या चाचण्या कोणत्या?

पावसाळा आला की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर एक ठरावीक संदेश फिरू लागतो. ‘अर्जंट! ओ पॉझिटिव्ह, एसडीपी हवे आहेत. पेशंटच्या प्लेटलेट २२ हजार.’ घरात कोणाला डेंग्यू झाला की सगळ्यांचे लक्ष रिपोर्टमधल्या एकाच ओळीवर खिळते. काल ८० हजार होत्या, आज ५५ हजार झाल्या. मग पपईच्या पानांचा रस, किवी आणि शेळीचे दूध यांची शोधाशोध सुरू होते. पण गंभीर डेंग्यूत रुग्णाच्या जिवावर बेतते, तेव्हा त्याचे मूळ बहुतेकदा दुसरीकडेच असते. रक्तवाहिन्यांच्या आतले नाजूक अस्तर बिघडते आणि रक्तातला द्रव बाहेर झिरपू लागतो. ही गळती वेळेत ओळखली तर रुग्ण वाचतो. ती रक्ताच्या रिपोर्टमध्ये कशी दिसते आणि ती आधीच सांगणाऱ्या चाचण्यांवर कोणते संशोधन सुरू आहे, याविषयी…

रक्तवाहिन्यांचे अस्तर म्हणजे काय?

आपल्या शरीरातील प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. त्याला एंडोथेलियम म्हणतात. केशवाहिन्यांमध्ये तर या थराची जाडी बऱ्याच ठिकाणी एक मायक्रॉनपेक्षाही कमी असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हे अस्तर किती पातळ असेल याची कल्पना येईल. या पेशींच्या रक्ताकडील बाजूवर साखरेच्या साखळ्या आणि प्रथिने यांची बुळबुळीत साय असते. तिला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात.

हे अस्तर म्हणजे पाइपला आतून दिलेला नुसता मुलामा, असे डॉक्टर बराच काळ समजत होते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की, सशाच्या महाधमनीचे आतले अस्तर घासून काढले, तर अ‍ॅसिटिलकोलीन दिल्यावर ती सैल पडत नाही. रक्तवाहिनीला सैल होण्याचा निरोप हे अस्तरच देते. पुढे हा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचे सिद्ध झाले आणि १९९८ मध्ये फर्चगॉट, लुई इग्नारो व फरीद म्युराद यांना या विषयातील कामासाठी वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

थोडक्यात, अस्तराकडे तीन मोठी कामे आहेत. रक्तवाहिनी किती आकुंचन पावायची हे ठरवणे, रक्त नको तिथे गोठू न देणे, आणि रक्तातले काय बाहेर जाऊ द्यायचे व काय नाही याचा पहारा देणे. डेंग्यूत यातला तिसरा पहारा ढिला पडतो.

डेंग्यूत हे अस्तर गळते कसे?

डेंग्यूचा विषाणू शरीरात वाढत असताना एनएस१ नावाचे प्रथिन रक्तात सोडतो. हे नाव अनेकांना ओळखीचे वाटेल. तापाच्या पहिल्या काही दिवसांत डॉक्टर जी ‘एनएस१’ चाचणी करायला सांगतात, ती याच प्रथिनाची. आजाराचे निदान करून देणारे हे प्रथिन स्वतःही अपाय करते, हे गेल्या दशकभरातील संशोधनातून पुढे आले आहे. प्रयोगशाळेत मानवी अस्तर-पेशींवर एनएस१ सोडल्यावर त्या पेशींमधील विकरे सक्रिय होतात आणि ग्लायकोकॅलिक्सची साय कापली जाऊ लागते. सायीचे तुकडे सुटून रक्तात मिसळतात.

त्याच वेळी रुग्णाच्या रोगप्रतिकारक पेशी विषाणूशी लढताना दाह वाढवणारी रसायने मोठ्या प्रमाणात सोडतात. त्यांच्या माऱ्याने शेजारशेजारच्या अस्तर-पेशींमधले सांधे सैल होतात. साय गेली, सांधे सैल झाले की रक्तातले पाणी, क्षार आणि अल्ब्युमिनसारखी प्रथिने बाहेर झिरपतात. तांबड्या पेशी मात्र आकाराने मोठ्या असल्याने आतच राहतात. बाहेर पडलेला द्रव छातीत फुप्फुसांभोवती आणि पोटात साठतो. म्हणूनच सोनोग्राफीत ‘पोटात पाणी’, ‘फुप्फुसाभोवती पाणी’ किंवा ‘पित्ताशयाची भिंत जाड’ असे शेरे येतात. पित्ताशयाचा वेगळा आजार नसतानाही हा शेरा येऊ शकतो. तो गळतीचाच पुरावा असतो.

ताप उतरल्यावरच धोका का वाढतो?

डेंग्यूचे तीन टप्पे मानले जातात. पहिला तापाचा, दोन ते सात दिवसांचा. दुसरा धोक्याचा, साधारण २४ ते ४८ तासांचा. तिसरा बरे होण्याचा. गोंधळ होतो तो दुसऱ्या टप्प्यात. कारण आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, नेमका ताप उतरू लागतो त्याच सुमारास गळती सर्वाधिक असते. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात, नोकरदार कामावर जाण्याची तयारी करतात आणि त्याच वेळी रक्तवाहिन्यांतला द्रव कमी होत असतो.

शरीर सुरुवातीला ही तूट लपवते. हृदयाचे ठोके वाढतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्यामुळे रक्तदाबाचा वरचा आकडा ठीक दिसतो, पण खालचा वर सरकतो. समजा रक्तदाब १००/८५ आला. वरचा आकडा पाहून हायसे वाटेल, पण दोन्हींतले अंतर फक्त १५ आहे. हे अंतर २० किंवा त्याहून कमी होणे म्हणजे रुग्ण शॉककडे गेला आहे, असे डॉक्टर मानतात. हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे ही त्याचीच लक्षणे. यानंतर रक्तदाब कोसळतो तो अचानक.

हिमॅटोक्रिट काय सांगते?

ही गळती ओळखण्याची सर्वांत स्वस्त चाचणी आपल्या हातातल्या रिपोर्टमध्येच असते. सीबीसीच्या कागदावर हिमोग्लोबिनच्या खाली ‘हिमॅटोक्रिट’, ‘एचसीटी’ किंवा ‘पीसीव्ही’ अशी एक ओळ असते. रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, हे ती सांगते. पुरुषांमध्ये तो साधारण ४० ते ५० आणि स्त्रियांमध्ये ३६ ते ४६ टक्के असतो.

आमटी चुलीवर आटत गेली की पाणी कमी होते, डाळ तेवढीच राहते आणि आमटी दाट होते. गळतीत रक्ताचे तसेच होते. द्रव बाहेर गेला, पेशी आत राहिल्या, म्हणून हिमॅटोक्रिट वाढते. रुग्णाच्या मूळ पातळीपेक्षा ते २० टक्के किंवा अधिक वाढले, तर लक्षणीय गळती सुरू असल्याचे मानले जाते. प्लेटलेट वेगाने घसरत असतानाच हिमॅटोक्रिट चढत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो धोक्याचा इशारा आहे. सलाइन किती आणि कोणत्या वेगाने द्यायचे, हे डॉक्टर बऱ्याच अंशी याच आकड्यावरून ठरवतात.

आकडा खाली आला म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. सलाइननंतर हिमॅटोक्रिट उतरले आणि रुग्णही सावरला, तर ती सुधारणा. पण आकडा उतरतो आहे आणि रुग्णाची प्रकृती मात्र ढासळते आहे, अशा वेळी आत कुठे रक्तस्राव होत असल्याची शंका घेतली जाते.

‘नॉर्मल’ रिपोर्ट फसवू शकतो का?

हो. आणि आपल्याकडे ही शक्यता अधिक आहे. वरची २० टक्के वाढ मोजायची ती त्या रुग्णाच्या स्वतःच्या मूळ आकड्यावरून. लॅबने छापलेल्या नॉर्मल मर्यादेवरून नव्हे.

उदाहरण घेऊ. एका तरुणीचे हिमोग्लोबिन एरवीच १० च्या आसपास आहे. तिचे नेहमीचे हिमॅटोक्रिट साधारण ३१ टक्के असेल. डेंग्यूच्या पाचव्या दिवशी ते ३७ झाले. रिपोर्टमध्ये आकडा ठळक अक्षरांत येणार नाही, बाजूला बाणही नसेल, कारण ३७ ‘नॉर्मल’ मर्यादेत बसते. प्रत्यक्षात तिच्यासाठी ही जवळपास २० टक्क्यांची वाढ आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे हे उदाहरण अपवादात्मक नाही.

म्हणूनच तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी केलेला सीबीसी किंवा पूर्वी कधी आरोग्य तपासणीत केलेला जुना रिपोर्ट फार मोलाचा ठरतो. तो मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी पुरतो. डॉक्टरांना तुलनेसाठी मूळ आकडा मिळतो.

मग प्लेटलेटचे काय?

प्लेटलेट मोजणे निरुपयोगी नाही. त्या वेगाने घसरू लागल्या की धोक्याचा टप्पा जवळ आल्याचे कळते. चूक होते ती प्लेटलेट भरल्या की आजार बरा झाला, असे समजण्यात. डेंग्यूत अस्थिमज्जेतील निर्मिती काही दिवस मंदावते आणि रक्तातल्या प्लेटलेट लवकर नष्ट होतात. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटही त्याच गतीने संपतात. विषाणूचा जोर ओसरल्यावर बहुतेक रुग्णांमध्ये त्या आपोआप वाढतात.

सिंगापूर आणि मलेशियातील रुग्णालयांमध्ये झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी असलेल्या, पण मोठा रक्तस्राव नसलेल्या ३७२ प्रौढ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला खबरदारी म्हणून प्लेटलेट दिल्या, दुसऱ्याला दिल्या नाहीत. पुढे रक्तस्राव झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे २१ आणि २६ टक्के निघाले. सांख्यिकीदृष्ट्या हा फरक ग्राह्य नव्हता. उलट प्लेटलेट दिलेल्या गटात दुष्परिणाम अधिक दिसले. भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट १० हजारांखाली गेल्यावरच त्या देण्याचा विचार करावा, असे म्हटले आहे. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी. तो निर्णय डॉक्टरांचा.

पपईच्या पानांच्या रसाबाबत काही लहान अभ्यासांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचे दिसले आहे. पण त्याने गळती थांबते किंवा मृत्यू टळतात, असा भक्कम पुरावा नाही.

अस्तराची इजा थेट मोजणारे जैवसूचक कोणते?

हिमॅटोक्रिटची मर्यादा अशी की, ते गळती सुरू झाल्यानंतर वाढते. टाकी रिकामी होऊ लागल्यावर पातळी दाखवणाऱ्या काट्यासारखे. पाइपला चीर पडतेय, हे त्याआधीच कळले तर? संशोधकांचा शोध त्यासाठी सुरू आहे. अस्तराला इजा होताना त्यातून काही पदार्थ रक्तात येतात. त्यांना जैवसूचक किंवा बायोमार्कर म्हणतात. त्यातले तीन महत्त्वाचे.

सिंडेकॅन-१ : ग्लायकोकॅलिक्सच्या सायीचा हा कणा. साय कापली गेली की त्याचे तुकडे रक्तात येतात. रक्तातील प्रमाण जास्त म्हणजे सायीची हानी जास्त.

अँजिओपॉइटिन-२ : अस्तर-पेशींमध्ये सूक्ष्म कुप्या असतात. एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पालाडे यांनी १९६४ मध्ये त्यांचे वर्णन केले. धोक्याचा इशारा मिळताच या कुप्या फुटतात आणि अँजिओपॉइटिन-२ बाहेर पडते. त्याचा भाऊबंद अँजिओपॉइटिन-१ पेशींचे सांधे घट्ट ठेवतो. हा ते सैल करतो. गंमत म्हणजे अँजिओपॉइटिन-१ चा मोठा साठा प्लेटलेटमध्येच असतो. त्यामुळे प्लेटलेट घटणे आणि गळती वाढणे यांच्यात काही प्रमाणात दुवा असू शकतो. तरीही वरच्या चाचणीत दिसले त्याप्रमाणे बाहेरून प्लेटलेट देऊन प्रश्न सुटत नाही.

व्हीकॅम-१ : अस्तर चिडले की त्याच्या पृष्ठभागावर हे चिकट रेणू उगवतात आणि जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना पकडतात. त्यातले काही सुटून रक्तात येतात, म्हणून ते मोजता येतात.

व्हिएतनाम, कंबोडिया, मलेशिया आणि एल साल्वाडोर या चार देशांतील रुग्णांच्या नमुन्यांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तापाच्या पहिल्या तीन दिवसांत घेतलेल्या रक्तात अस्तराचे आणि दाहाचे मिळून दहा जैवसूचक मोजले गेले. पुढे ज्यांचा आजार बळावला, त्यांच्यात हे जैवसूचक आधीपासूनच चढे होते. एकट्या-दुकट्या सूचकापेक्षा त्यांचा संच अधिक चांगला अंदाज देतो आणि मुलांसाठी व प्रौढांसाठी हा संच वेगवेगळा असावा लागतो, हेही त्यातून दिसले.

या चाचण्या अजून आपल्या लॅबमध्ये का नाहीत?

पहिली अडचण म्हणजे हे जैवसूचक फक्त डेंग्यूत वाढत नाहीत. सेप्सिस, गंभीर मलेरिया, कोविड अशा आजारांतही अँजिओपॉइटिन-२ वाढते. ‘अस्तर बिघडले आहे’ एवढे कळते, ‘कशामुळे’ ते कळत नाही.

दुसरी अडचण आकड्यांची. सिंडेकॅन-१ किती झाले म्हणजे रुग्णाला दाखल करायचे, याचा सर्वमान्य आकडा ठरलेला नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर एकाच नमुन्याचे आकडे वेगळे येऊ शकतात. शिवाय वय आणि आजाराचा दिवस यानुसार पातळी बदलते.

तिसरी अडचण वेळेची. सध्या या चाचण्या प्रामुख्याने एलायझा पद्धतीने होतात. त्याला काही तास लागतात आणि खर्च वाचवण्यासाठी बरेच नमुने एकत्र लावले जातात. धोक्याचा टप्पाच २४ ते ४८ तासांचा असताना दुसऱ्या दिवशी आलेला रिपोर्ट काय कामाचा? एनएस१ च्या पट्टीसारखी पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी चाचणी हवी, तीही तालुक्याच्या रुग्णालयात परवडेल अशी.

इतर आजारांत अशा चाचण्या वापरात आल्या आहेत का?

आल्या आहेत, आणि म्हणूनच डेंग्यूबाबत आशा आहे. मधुमेहात लघवीतील अल्ब्युमिनची चाचणी नियमित केली जाते. मूत्रपिंडाच्या गाळणीतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा झाली की अल्ब्युमिन लघवीत उतरते. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या वर गेले की डॉक्टर सावध होतात. रुग्णाला तोवर काही त्रास जाणवतही नसतो.

अधिक थेट उदाहरण गरोदरपणातील प्रीएक्लॅम्प्सियाचे. यात रक्तदाब वाढतो, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमंची आणि त्यांच्या बोस्टनमधील सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की, वारेतून येणारे एसएफएलटी-१ हे प्रथिन जास्त झाले की अस्तराला पोसणारे घटक अडवले जातात आणि आजाराची लक्षणे उमटतात. त्यावरून एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ या दोन प्रथिनांचे गुणोत्तर मोजणारी रक्तचाचणी तयार झाली. ब्रिटनमध्ये ती वापरात आहे आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये अशा चाचणीला मंजुरी दिली. दाखल झालेल्या गर्भवतीचा आजार पुढच्या दोन आठवड्यांत बळावण्याचा धोका किती, हे त्यातून कळते. कोणाला रुग्णालयात ठेवायचे आणि कोणाला घरी पाठवायचे, हा डेंग्यूच्या साथीत रोज पडणारा प्रश्न याच स्वरूपाचा आहे.

तोवर घरच्यांनी काय पाहावे?

जैवसूचकांची पट्टी येईल तेव्हा येईल. आज हाताशी असलेल्या गोष्टीही कमी नाहीत.

– रिपोर्ट हातात आला की प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिटचा आकडाही तारखेसह लिहून ठेवा. जुना सीबीसी असेल तर डॉक्टरांना दाखवा.

– ताप उतरल्यानंतरचे ४८ तास रुग्णाला एकटे सोडू नका.

– पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शौच, गुंगी किंवा अस्वस्थपणा, हातपाय गार पडणे यातले काहीही दिसले तर पुढच्या रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

– लघवीकडे लक्ष ठेवा. सहा तासांत लघवी झाली नसेल तर डॉक्टरांना कळवा.

– ओआरएस, पेज, ताक, नारळपाणी थोडे थोडे देत राहा. मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर काय आणि किती द्यायचे ते विचारून घ्या.

– तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉलच. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन किंवा ‘ताप लगेच उतरवणारे’ पेनकिलर इंजेक्शन टाळा. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन सुरू असेल तर ते स्वतःहून बंद न करता डॉक्टरांशी बोला.

– घरच्या घरी ‘ताकद यावी’ म्हणून सलाइन लावून घेऊ नका. धोक्याचा टप्पा संपला की बाहेर गेलेला द्रव दोन-तीन दिवसांत परत रक्तात येतो. त्या वेळी सलाइन सुरूच राहिले तर फुप्फुसांत पाणी साठू शकते. नको तेव्हा दिलेले सलाइनही जिवावर बेतते.

डेंग्यूच्या विषाणूवर मंजूर झालेले खास औषध आजही नाही. तरीही गंभीर डेंग्यूतील मृत्यूचे प्रमाण योग्य उपचारांनी एक टक्क्याच्या खाली आणता येते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे उपचार म्हणजे मुख्यतः वेळेवर ओळखलेली गळती आणि मोजून दिलेला द्रव. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी ‘प्लेटलेट किती?’ विचारले, तर उत्तर देतानाच ‘हिमॅटोक्रिट किती होते आणि आज किती आहे?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.